कळलावीचा सातवा दिवस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही.

मी अमरावतीत वनस्पतिशास्त्र शिकवते, अकरावी-बारावीला. फुलांचे फोटो काढायचा नाद जुना. आमच्याच कॉलनीत दोन गल्ल्या सोडून नलूताई राहायच्या — निवृत्त नर्स, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, माहेर हिवरखेडचं. एकदा सकाळी फिरायला गेले तर त्या नालीकाठी उकिडव्या बसून घाणेरीच्या फुलाचा फोटो काढत होत्या. साध्या मोबाईलवर. तिथून आमची ओळख. मग दर रविवारी दोघी सोबत निघायचो.

आमच्या पद्धती मात्र अगदी वेगळ्या. माझ्या पिशवीत काळं मखमली कापड, पाण्याचा फवारा, चिमटे आणि एक लहान कातर. फुलामागे कापड धरायचं, पाकळ्यांवर थेंब पाडायचे, मध्ये येणारं गवत छाटायचं. एक फूल, एक फोटो, पण असा की बघणारा थांबलाच पाहिजे. ताई कशालाच हात लावत नसत. वाळकं पान आडवं आलं तर स्वतः सरकत. "त्याच्या घरी आपण पाव्हणे," म्हणायच्या, "सामान कायले हलवाचं?" आणि एकाच फुलाकडे त्या पुन्हा पुन्हा जात. आज, उद्या, परवा. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. तसं मी म्हटलंही होतं एकदा. त्या हसल्या होत्या.

मग तो श्रावण आला.

ताई रविवारी येईनाशा झाल्या. विचारलं तर, "काम हाय जरासं." कसलं काम? मुलगा अकोल्याला, घरी एकट्या — कसलं काम असणार? एकदा सकाळी त्या मोर्शीकडे जाणाऱ्या एसटीत चढताना दिसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात चपला बघितल्या, काळ्या चिखलानं भरलेल्या. मी आत गेले की मोबाईल पालथा ठेवायच्या. की आधीपासूनच तसा ठेवत होत्या आणि माझं लक्ष नव्हतं? एकदा संशय शिरला की प्रत्येक गोष्ट पुरावा होते. त्या महिन्यात आमच्या छायाचित्रकारांच्या गटाचं प्रदर्शन होतं. मला खात्रीच पटली — ताईंना काहीतरी सापडलंय आणि ते माझ्यापासून लपवून त्या तिथे लावणार आहेत. मी त्यांना प्रकाश शिकवला, फोकस शिकवला, आणि त्या माझ्यावरच डाव टाकत होत्या. हेच डोक्यात.

एका संध्याकाळी त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी त्यांचा मोबाईल उचलला. कुलूप नव्हतंच त्याला. त्यांना तशी गरज कधी वाटली नसावी.

कळलावी होती. एकच फूल, सहा दिवसांचे फोटो. खाली मान घातलेली हिरवी कळी. मग पाकळ्या उलट्या वळू लागलेल्या, पिवळ्या. मग टोकांना लाल. रोज थोडं अधिक लाल. एका पाकळीला अळीनं पाडलेलं भोक सगळ्या फोटोंत होतं. खरं सांगू? तसं काम मी कधी केलं नव्हतं. एका फोटोच्या कोपऱ्यात संत्र्याची झाडं होती आणि रस्त्यापलीकडे निळ्या रंगाचं मारुतीचं देऊळ. ते देऊळ मला माहीत होतं.

चहा आला. मी प्यायले. साखर बरोबर आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांची एसटी निघायच्या बरंच आधी मी स्कूटरवर निघाले. देवळासमोरचा संत्र्यांचा बगीचा, तारेचं कुंपण, कोपऱ्यात वाकून आत शिरण्याएवढी जागा. धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, बोरीच्या झुडपावर कळलावी चढलेली. तेच फूल, पूर्ण लाल झालेलं. शेजारी चार कळ्या.

मागे कापड नीट बसेना. वारा होता, वेल हलत होता, बोरीच्या फांद्या मध्ये येत होत्या. मी देठ कापला. फूल चिमट्यानं काडीला लावलं, मागे मखमल धरली, फवारा मारला. फोटो घेतला.

इथपर्यंत सांगणं तसं सोपं आहे. फोटोसाठी फूल तोडणारे खूप आहेत. पुढचं सांगायला मला इतकी वर्षं लागली.

कातर पिशवीत टाकता टाकता मी थांबले. त्या चार कळ्यांकडे बघितलं. ताई तासाभरात येतील, हे फूल नसेल, मग त्या शेजारची कळी धरतील. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करतील. त्या कंटाळणाऱ्या नव्हत्याच. मी चारही कळ्या कापल्या. फोटोसाठी नाही. मला त्यांचा काही उपयोग नव्हता. मी रागानं थरथरत वगैरे नव्हते, घाईतही नव्हते. कळ्या आणि फूल रस्त्याच्या नालीत टाकलं आणि कॉलेजात वेळेवर पोचले.

दुपारी ताई माझ्या घरी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. कळलावीचं फूल, कळ्या, काहीच उरलं नव्हतं, त्यांनी सांगितलं. बगीचा शोभाबाईंचा. कंद खोदून विकणाऱ्यांनी आजूबाजूच्या सगळ्या धुऱ्यांवरची कळलावी नेली होती, एवढा एकच वेल उरलेला. म्हणून शोभाबाईंनी शब्द घेतला होता — येऊन फोटो काढा, पण कुणाला जागा सांगू नका. ताईंनी तो पाळला होता. मलाही सांगितलं नव्हतं.

"शोभाबाई म्हनली, तुमच्याबिगर कोनाले मालूम नव्हतं, नर्सबाई. आता येत नका जाऊ." ताई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. मग बघितलं. "सुषमा, तू त गेली नव्हती न तिकडे?"

"मी? मला शेत कोणतं तेच माहीत नाही, ताई." आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे बोलले. "शेळ्यांनी खाल्लं असेल."

"कळलावीले शेळी तोंड लावत नाही," त्या म्हणाल्या.

हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. शेंड्यापासून कंदापर्यंत विषारी. त्यांनाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. पण त्या उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या.

प्रदर्शनात त्यांचा एकही फोटो नव्हता. लावायचा विचारच नव्हता त्यांचा. त्यांना फक्त शेंग धरेपर्यंत बघायचं होतं. मी दुसराच कुठला फोटो लावला. कळलावीचा फोटो माझ्या संगणकात आहे, कुणी पाहिलेला नाही. खोटं कशाला बोलू — चांगला आलाय. भोकाची पाकळी मी मागे वळवली होती.

तेव्हापासून संशयच माझ्या मागे लागला. त्यांना कळलंय का? 'कशी आहेस' असा त्यांचा साधा निरोप आला तरी मी तो तीनतीनदा वाचते. फोन लवकर ठेवला, का? हसल्या, का? त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही, कधी टोमणा मारला नाही, आणि फोटो काढणं सोडलं. पुढे त्या अकोल्याला मुलाकडे राहायला गेल्या.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना भेटायला गेले होते. ताई खिडकीशी बसून नातवाच्या शर्टाला बटण लावत होत्या. बोलता बोलता सून म्हणाली, "आईंना आधी फुलांचा किती नाद होता. आता मोबाईल हातातही घेत नाहीत. तुम्हीच सांगा ना त्यांना."

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी शर्टावरची नजर काढली नाही.

"डोये आता साथ देत नाही माहे," त्या म्हणाल्या.

सून माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी म्हटलं, "हो, वयानं डोळ्यांचं होतं तसं."

ताईंनी दोरा तोडला, नवा घेतला आणि पहिल्याच खेपेला सुईत ओवला.