रंगमंचावरचं वर्गमूळ

माझा एक जुना विद्यार्थी एकांकिका बसवत होता. नोकरी मानपाड्याच्या एका कारखान्यात, जीव नाटकात. एका रविवारी डोंबिवलीच्या आमच्या घरी आला आणि म्हणाला, "बाई, फळाभर काहीतरी अवघड लिहून द्या. प्रेक्षकांना धाक वाटला पाहिजे."

मी संहिता वाचली. गणिताची प्राध्यापिका, घरात कुणाशी पटत नाही, शेवटी वेडी होऊन भिंतींवर आकडे लिहीत सुटते.

"अरे, नाटकात गणितवाला आला की तो वेडा तरी होतो, नाहीतर मरतो," मी म्हटलं. "इतकी वर्षं शिकवलं मी. आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला वेड लागलेलं पाहिलं नाही."

तो हसला, पण शेवट बदलला त्याने. आता ती बाई नवऱ्यासमोर फळ्यावर एक सिद्धता मांडते आणि बॅग उचलून निघून जाते. मी अट घातली, सिद्धता खरी हवी आणि नटीने ती तिथेच लिहायची. दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात मांडता येत नाही, ही शाळेतली सिद्धता मी निवडली.

नटी लोकलने दिव्याहून यायची, कॉमर्सला होती. "बाई, मी दहावीला गणितात कशीबशी सुटलेले," तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. महिनाभर मी तिला शिकवलं. समजून घे म्हणायचे, ती मान हलवायची. पाठच करत होती, हे मला दिसत होतं.

स्पर्धा ठाण्याला होती. पंचेचाळीस मिनिटांच्या वर गेलं की एकांकिका बाद. ती फळ्याशी पोहोचली तेव्हा सात मिनिटं हातात होती. लिहायला चार पुरायची. मी विंगेत दिग्दर्शकाशेजारी उभी होते.

तीन ओळी बरोबर आल्या. चौथीत वर्ग करताना तिने अक्षराचा वर्ग केला, त्याच्यामागच्या दोनचा करायचा राहिला. चारऐवजी दोन. पुढच्याच ओळीत दोन्हीकडचे दोन उडाले आणि सिद्धता अडली. तिचा हात थांबला.

"बाई, सांगा तिला," दिग्दर्शक कुजबुजला.

सांगितलं असतं तर पहिल्या रांगेला ऐकू गेलं असतं. मी नकारार्थी मान हलवली.

"मग लिही म्हणावं काहीही. कुणाला कळतंय?"

ती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी. बोट वरच्या ओळीवर ठेवून ती एकेक ओळ खाली येत होती. सभागृहात कुणीतरी खोकलं. नवऱ्याचं काम करणाऱ्याने अंदाजाने वाक्य टाकलं, "झालं का तुझं?"

"थांब," ती म्हणाली. "चुकलंय माझं."

हे संहितेत नव्हतं. तिने तळहाताने खालची ओळ आणि चौथीतला दोन पुसला, तिथे चार लिहिला आणि मग न थांबता शेवटपर्यंत गेली. शेवटची ओळ लिहायच्या आधीच वेळ संपल्याची घंटा झाली होती. एकांकिका बाद झाली.

सामान आवरताना दिग्दर्शक माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, पाचव्या रांगेतून दोन दिसतो का चार, काय फरक पडतो?"

"अट माझी होती," मी म्हटलं.

मुलगी मेकअप पुसत होती. मला म्हणाली, "सॉरी बाई. पण चार का येतो, ते मला तिथेच कळलं हो."

दोन महिन्यांनी कल्याणला त्यांनी पुन्हा प्रयोग केला. या वेळी फळ्यावर सिद्धता आधीच रंगवून आणलेली. दिग्दर्शकाने मजकूर तपासायला पाठवला होता, मीच तपासून दिला. ती एकेका ओळीवर हात ठेवत स्वच्छ बोलत गेली, कुठे अडली नाही. दुसरं बक्षीस मिळालं. मीही टाळ्या वाजवल्या, पण प्रयोगभर माझी नजर चौथ्या ओळीवरच होती.