हिरव्या चौकड्यांचं ब्लँकेट

निवृत्त मास्तराच्या घरात शाली आणि टॉवेल-टोप्या कधी संपत नाहीत. सत्कार झाला की शाल येते, कपाटात बसते आणि पुढच्या कुणाच्या तरी सत्काराला निघून जाते. आमच्या लातूरच्या घरातून अशा किती शाली फिरतीवर गेल्या याची गणती नाही, पण त्यातली पांघरलेली एकही मला आठवत नाही.

एकच वस्तू मी पुढे सरकवली नव्हती. माझ्या निरोपसमारंभात कंधारच्या एका जुन्या सहकाऱ्यानं शालीऐवजी फ्लीसचं जाड ब्लँकेट दिलं, हिरव्या चौकड्यांचं. मंडपात सगळे हसले. मला ते मनापासून आवडलं, पण बायकोनं पाहुण्यांसाठी म्हणून ते कोरंच ट्रंकेत टाकलं.

मग नांदेडहून गिनीपिग आले. मुलानं भाड्याचं घर बदललं आणि नव्या घरमालकाला जनावर चालेना. दिवाळीत स्वतःच्या घरात जायचं होतं, तोवर नातीचे दोन गिनीपिग आमच्याकडे. नात रडली नाही. तिनं फक्त मला बजावलं, की ते आजारी पडले तर बाबा त्यांना दुकानात परत देऊन टाकणार आहेत. तुझ्या आजोबानं देवणीचे बैल सांभाळलेत, ही पिटुकली ती काय, असं मी तिला छाती पुढे काढून सांगितलं.

आम्ही मूळची शेतीवाली माणसं. गोठ्यात जनावराखाली जे पडतं तेच मी पिंजऱ्यात टाकलं, गावाकडून आणलेलं सोयाबीनचं भुसकट. बैलाच्या खुराला ते टोचत नाही. या जिवांचे तळवे मात्र तान्ह्या बाळाच्या टाचेसारखे. थोड्याच दिवसांत त्यातल्या धाकट्याचे मागचे पाय लाल होऊन सोलले आणि तो कोपरा सोडेना. डॉक्टरांनी मलम दिलं आणि स्पष्ट सांगितलं, पायाखाली मऊ आणि कोरडं हवं, फ्लीस अंथरा, नाही तर जखम आत उतरेल आणि मग काही खरं नाही.

मी कात्री घेतली. बायको ट्रंकेवर बसली.

"मानानं दिलेली चीज जनावराच्या मुताखाली घालता? उद्या कंधारचे भाऊजी आले तर काय तोंड दाखवायचं त्यांना?"

तिचं खोटं नव्हतं. पण मला नातीचं तोंड दिसत होतं. ट्रंकेतल्या मानाला कसर लागते, असं म्हणून मी तिला उठवलं आणि ब्लँकेटचे सरळ दोन तुकडे केले.

कोरं फ्लीस पाणी पितच नाही. वर थेंब तसाच डुलत राहतो. मी ते गरम पाण्यात नुसत्या पावडरीनं पुन्हा पुन्हा धुतलं, कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषध मुद्दाम घातलं नाही, कारण त्यानं वर मेण बसल्यासारखं होतं. मग चमचाभर पाणी टाकून पाहिलं, ते तडक खाली गेलं. खाली आहेरातल्या टॉवेलांची जाड घडी. ओल टॉवेलात, वर कोरडं. सकाळी लेंड्या झाडायच्या, तुकडा बदलायचा, धुवायचा. घरात वास म्हणून नाही. धाकट्याच्या पायांवर खपली धरू लागली आणि मी कॉलनीत चारचौघांना गिनीपिगचं शास्त्र सांगत फिरू लागलो.

तेवढ्यात कंधारचे भाऊजी डोळे तपासायला लातूरला आले. बसस्टँडवरून त्यांचा फोन आला तशी बायकोनं पिंजरा मागच्या गॅलरीत ओढला आणि वर जुनी साडी टाकली. गप्पा रंगल्या. जेवायच्या वेळी तिनं कोशिंबिरीला काकडी चिरायला घेतली, आणि काकडीचा वास लागताच गॅलरीतून दोन शिट्ट्या सुरू झाल्या. पाहुण्यांनी विचारलं, उठले आणि साडी उचलली.

बायको दारातच थिजली. माझं उत्तर तयार होतं, मी काही लाजणार नव्हतो. पण ते वाकले, हात आत घातला आणि धाकट्याच्या पोटाखाली तळहात दाबून पाहिला.

"कोरडं हाय," ते म्हणाले आणि तिथंच फरशीवर बसले. मग हळूहळू सांगू लागले. त्यांची आई बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती, आणि पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिच्याखाली ते असंच कापड अंथरत होते. "म्हणून तुमाला शाल न्हाई दिली, सर. म्हटलं, हे कामाला येईल."

मीही त्यांच्याशेजारी फरशीवर बसलो. मला भरून आलं होतं.

जेवताना बायकोनं आपणहून गाऱ्हाणं मांडलं. पावसाची झड लागली होती, एक तुकडा वाळेपर्यंत दुसरा भिजत होता. पाहुणे बराच वेळ भात कालवत राहिले.

"आईचं ब्लँकेट घरी हाय," ते म्हणाले. "धुऊन ठेवलंय. वापरवत न्हाई आन् टाकवतबी न्हाई. पाठवू का?"

"पाठवा," बायको म्हणाली. "पण यांना त्याला कात्री लावू देणार न्हाई मी."

कंधारच्या बसनं ते आलं. फिकट निळं, धुऊन धुऊन विरलेलं. बायकोनं त्याची स्वतः घडी घालून ते पिंजऱ्यात अंथरलं आणि कडेपर्यंत हातानं सुरकुत्या काढत बसली. धाकटा त्यावर आला आणि मागचे पाय लांब ताणून आडवा झाला.

संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला. मी त्याचे पाय फोनसमोर धरले. गुलाबी, भरलेले. ती इतकी आनंदली की तिला बोलता येईना. मग तिनं विचारलं, हे निळं कुणाचं?

"कंधारच्या एका आजीचं," बायको म्हणाली. "तिच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली न्हाई."