डॉक्टरीणबाईंची ओटी

नव्या फ्लूची साथ आली त्या वर्षी, म्हणजे २००९ साली, टोकियोत आम्ही राहायचो त्या कोतो भागातल्या औषधांच्या दुकानांतून मास्क गायब झाले. कुठे गेले ते मला विचारा. आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी घरांत कणकेच्या डब्यांवर खोकीच्या खोकी रचलेली होती. नवऱ्यांच्या आयटी ऑफिसांत मास्कची सक्ती होती, आणि एकीने घेतले की दुसरीला दम निघत नसे.

आमच्याच मजल्यावर एक अफगाण डॉक्टरीण राहायची. ट्रेनिंग संपवून ती परत निघाली होती. तिच्या गावी लढाई चालूच, त्यात ही साथ, आणि इस्पितळात नर्सनासुद्धा मास्क नाहीत. ती दुकानं पालथी घालून रिकाम्या हाताने परत यायची. मला बघवेना. मी सगळ्या मैत्रिणींना फोन केले. थोडी कुरकुर झाली, पण ती निघायच्या सकाळी माझ्या घरी खोक्यांचा ढीग लागला.

माझ्या सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या. बाईमाणूस लांब निघालंय म्हणजे ओटी भरायलाच हवी, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. नारळासाठी मला दोन स्टेशनं पलीकडे पिटाळलं. डॉक्टरीण आली, सांगितल्याबरोबर तिने ओढणी पसरली. सासूबाई कुंकू लावायला पुढे झाल्या, तशी ती मागे सरली. सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत तिने हळूच सांगितलं, आमच्यात हे लावत नाहीत, आणि नवरा बॉम्बस्फोटात गेला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सासूबाईंनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं.

"मग तर भरायलाच हवी," त्या मला म्हणाल्या. "हिला परत तिथंच जायचंय."

आणि तांदूळ-नारळ घालून त्यांनी वर मास्कची खोकी ठेवली. एवढे पुरतील ना, मी विचारलं. डॉक्टरीण हसली. पहिले काही दिवस निघतील, म्हणाली, मग तेच धुऊन वापरायचे, साबण मिळाला तर.

सासूबाईंना हे हिंदी बरोबर कळलं. त्या आत गेल्या आणि मुलाला परदेशात मिळणार नाहीत म्हणून आणलेल्या साबणाच्या सगळ्या वड्या घेऊन आल्या. ओटीतला नारळ काढला, तांदूळ काढले आणि त्या जागी साबण भरले. शकुनाचे चार दाणे तेवढे राहू दिले.