क्रेनच्या फाईलपुढचा M

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. तेव्हा 'ताई, नजर उतरवा' असले सल्ले कृपया नकोत. जे झालं ते तसंच लिहितेय.

मी यूएईत, उम्म अल कुवैनला राहते. नोकरी हमरिया फ्री झोनमधल्या एका छोट्या फॅब्रिकेशन कंपनीत. शेडमधल्या क्रेननं जास्तीत जास्त किती वजन उचलायचं, ते एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं; त्याहून जड काही उचलायची परवानगी नसते. ती फाईल सांभाळणं माझं काम. कॉम्प्युटर कुलूपबंद केबिनमध्ये, नेटवर्क नाही, पासवर्ड फक्त माझ्याकडे.

रोज सकाळी आठला मी svn status ही फाईलींमधले बदल दाखवणारी कमांड टाइप करते. एखादी फाईल बदललेली असेल तर तिच्यापुढे M येतो, नाहीतर स्क्रीन कोरी. त्या सोमवारी M आला. पाहिलं तर दहा टनांची मर्यादा कुणीतरी सहावर आणलेली! वाटलं, आपणच चुकून... फाईल रिव्हर्ट केली, म्हणजे होती तशी केली. पुन्हा status. कोरी.

मंगळवारी परत M. परत सहा. पासवर्ड बदलला, केबिनची किल्ली घरी नेली. बुधवारी? सहाच!

तेवढ्यात मॅनेजर आले, स्क्रीनवरचा सहा पाहिला. "मॅडम, नौ टन का पीस उठाना है, ट्रेलर खड़ा है. यल्ला, जल्दी रिव्हर्ट करो, खलास."

बोटं कीबोर्डवर होती... आणि माझं डोकं फिरलं. तीन दिवस कुणीतरी एकच गोष्ट सांगतंय आणि मी पुसतेय!

"नहीं करूँगी. पहले क्रेन चेक होगी."

"किसने बोला?"

"मैं बोल रही हूँ. लिख के दूँ?"

त्यांनी खरंच लेखी मागितलं. दिलं. सहीसकट.

आमचे मेकॅनिक मजीदचाचा, दापोलीकडचे, कुरकुरत क्रेनवर चढले. दहा मिनिटांनी वरूनच ओरडले, "पोरी, खाली कुणाला उभं राहू देऊ नको गं!" वजन उचलणारा पोलादी दोर, म्हणजे वायर रोप, ज्या ड्रमवर गुंडाळतो त्याच्या आतल्या वेढ्यात, खालून दिसणारच नाही अशा जागी, रोपच्या तारा तुटलेल्या होत्या.

रोप बदलला, तेव्हापासून एकदाही M आला नाही. आयटीवाल्यानं सगळं तपासलं – माझ्याशिवाय कुणाचं लॉगिन नाही. 'झोपेत केलं असशील' हेही ऐकून झालंय. झोपेत मी हमरियापर्यंत गाडी चालवत गेले का?

कुणी केलं, कसं केलं... ते बाजूला ठेवा. पण त्या दिवशी त्या नऊ टनांखाली चार माणसं काम करणार होती. मला वेडी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. फक्त त्या चौघांसमोर येऊन म्हणा.