वहिनींना नागपूर दाखवण्याची मोहीम

मला माझं शहर दाखवता येत नाही, हे मी त्या शहरात सत्तावीस वर्षं काढल्यावर कबूल करते आहे.

प्रसंग साधा होता. दादा पुण्याच्या बँकेत, आणि त्याला नागपूरला बदली मिळत होती. घ्यायची की नाही हे वहिनी ठरवणार होत्या. वहिनी साताऱ्याच्या, लग्नानंतर दोनदाच आल्या, त्याही मे महिन्यात! या खेपेला डिसेंबरात एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, "एक दिवस शहर बघते, मग सांगते." सात वर्षांनी मुलगा घरी परतायची आशा लागलेल्या आईनं मला स्वयंपाकघरात कोपऱ्यात घेतलं.

"तिले चांगलं चांगलं दाखव. तुह्या मोर्च्याच्या पत्रकातलं एक अक्षर तोंडातून काढू नोको, समजलं?"

"आई, मी काय दर वेळेस भाषणच देते का वं?"

आईनं माझ्या पिशवीतला पत्रकांचा गठ्ठा काढून फडताळात ठेवला.

सकाळी झणझणीत तर्री-पोह्यांपासून सुरुवात केली. वहिनींनी दोन घास खाल्ले. डोळ्यांतून धारा लागल्या. "छान आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढची दहा मिनिटं दुसरं काहीच म्हणू शकल्या नाहीत.

तिथून स्कूटरनं अजब बंगला, म्हणजे आमचं संग्रहालय. फाटक बंद! माझं डोकं तापलं. मी फाटक वाजवलं.

"कोणाच्या आदेशानं बंद ठेवलं? जनतेचं संग्रहालय जनतेसाठीच बंद? लेखी उत्तर द्या!"

चौकीदारानं शांतपणे पाटीकडे बोट दाखवलं. "सोमवार हाय, ताई. जनता उद्या येते."

(सोमवारी संग्रहालय बंद असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी आयुष्यात एकदाच आत गेले होते, चौथीच्या सहलीत. त्यातला डबा तेवढा आठवतो.)

मग सदर भागातल्या रस्त्यानं निघालो. आईला दिलेला शब्द मी मनापासून पाळत होते. पण या शहराची मला जी माहिती आहे ती सगळी निवेदनं देताना मिळालेली आहे, त्याला मी काय करू? "वहिनी, हा नाला. यावर आमची तीन पत्रकं आहेत. हा फुटपाथ पाहा, म्हणजे होता. आणि या झाडाखाली आमचं साखळी उपोषण झालं. माझी पाळी दुपारी जेवणानंतर होती."

"मुक्ता," मागून वहिनींचा आवाज आला, "या गावात चांगलं काही घडलंय का गं?"

मी घाबरून थेट झिरो माइल गाठलं. "हा देशाचा मध्य!" दगडी घोड्यांकडे हात करत मी जाहीर केलं.

"मध्य म्हणजे कुठून कुठवर मोजलं?"

मला काय ठाऊक! वहिनींनी घोड्यांभोवती एक फेरी मारली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या साताऱ्यात निदान चढून बघायला किल्ला तरी आहे."

बस्स! नागपूरला नावं मी ठेवायची. त्यासाठी मी उन्हातान्हात पत्रकं वाटली आहेत. साताऱ्याच्या माणसानं फुकटात ठेवायची नाहीत! मी फुटपाथच्या कठड्यावर चढले. ट्रॅफिकमुळे आवाज चढवावा लागला, आणि आवाज चढला की माझा हात आपोआप वर जातो.

"या शहरात पत्ता विचारला तर माणूस स्वतःची गाडी काढून दारापर्यंत सोडून येतो! कुठल्या किल्ल्यात आहे ही सोय?"

टाळ्या पडल्या. मी वळून पाहिलं तर वीस-पंचवीस माणसं जमलेली! एका काकांनी पिशवी खाली ठेवून बाह्या सरसावल्या. "मुद्दा काय हाय?"

तेवढ्यात ड्यूटीवरचे हवालदार आले. ते मला ओळखतात. "ताई, आज पुन्हा? परवानगी हाय का? बरं, मागणी काय लिहू?"

मागणी विचारली की मी गप्प राहूच शकत नाही. "वहिनी नागपुरात आलीच पाहिजे!"

"आलीच पाहिजे!" काकांनी मूठ आवळली. "आलीच पाहिजे!" सगळा फुटपाथ गरजला. कडेच्या उसाच्या रसवाल्यानं वहिनींना खुर्ची दिली. कुणीतरी झेंडूचा हार घातला.

महापालिकेची निवडणूक तोंडावर होती; हार पाहून हवालदारांनी अदबीनं विचारलं, "मॅडम, वॉर्ड कोणता?"

"सातारा," वहिनी गोंधळून म्हणाल्या.

"अरे बाप्पा, बाहेरचा उमेदवार!" काका किंचाळले. "आपल्या माणसाले काहून तिकीट नाही?" आणि क्षणात घोषणा फिरली: "बाहेरचा उमेदवार चालणार नाही! साताऱ्याले परत जा!"

मला आईचा चेहरा दिसला. दादाची बदली, सगळं माझ्यामुळं पाण्यात! मी ओरडत होते, "अरे, थांबा ना गा!" पण जमाव पेटवायचा कसा एवढंच मी शिकले आहे. विझवण्याचं शिबिर आमच्याकडे झालंच नाही.

शेवटी वहिनीच खुर्चीवर उभ्या राहिल्या. "मी कसलीही उमेदवार नाही! हिच्या भावाची बायको आहे. इथं राहायला यावं का, ते बघायला आलेय. उन्हाळा सोसंल का मला, तेवढं सांगा!"

मग सगळे एकदम बोलू लागले.

"कूलरले ताजी खस लावा फक्त!"

"दुपट्टा बांधल्याबिगर निघू नोका!"

"मह्या घरी ये वं, पन्हं कसं करतात ते दाखवते मी तुले!" एका मावशींनी तर हातच धरला. हवालदारांनी वही उलटून कोणत्या भागात पाण्याला किती दाब असतो त्याचा नकाशा काढून दिला. रसवाल्यानं पैसे घेतले नाहीत. वहिनी गळ्यात हार घालून तासभर हसत होत्या.

मग तिथूनच त्यांनी दादाला फोन लावला. "घ्या बदली. माणसं चांगली आहेत. घर मात्र पार शहराच्या टोकाला, वाडीच्या पलीकडं बघायचं."

"तिकडं रात्रंदिवस ट्रकांचे हॉर्न असतात!" दादाचा आवाज मला इथवर ऐकू आला.

"असू देत," वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या. "मुक्तापेक्षा हळू वाजत असतील."

माझ्या आजवरच्या चळवळीत पूर्णपणे मान्य झालेली ही एकमेव मागणी. अट एकच, माझ्यापासून बारा किलोमीटर अंतर!