भुतंवाल्या बाई

हॉस्पिटलच्या तळघरात, सर्व्हरच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे 'भुतंवाल्या बाई' म्हणत. नाव त्यांनीच ओढवून घेतलं होतं. पडद्यामागे गुपचूप चालणाऱ्या सात प्रोग्रामांना त्या भुतं म्हणायच्या. "दिसत नाहीत, सुट्टी मागत नाहीत, पण घटकाभर बसली की अख्खं हॉस्पिटल माझ्या नावानं बोंब ठोकतं."

त्यातलं एक भूत लॅबमधले रिपोर्ट उचलून वॉर्डातल्या पडद्यावर पोचवायचं. मशीन सुरू झालं की सातही भुतांना ओळीनं उठवायची एक स्क्रिप्ट बाईंनी पर्ल नावाच्या जुन्या संगणकभाषेत लिहिली होती. तिला एकोणीस वर्षं झाली होती. तिच्यात हात घालायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती, आणि बाईंना त्याचा थोडा अभिमानही होता.

एका मंगळवारी भर दुपारी वीज गेली. बॅटरीनंही मान टाकली. वीज आल्यावर मशीन उठलं, स्क्रिप्ट धावली, सातही नावांपुढे 'चालू' उमटलं. बाई निर्धास्तपणे डबा खायला गेल्या.

अडीच तासांनी वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "बाई, बारापासून एकही रिपोर्ट नाही. सहा नंबरच्या खाटेवरच्या आजींचा तर डॉक्टर कधीपासून मागताहेत."

बाईंनी पाहिलं. रिपोर्टवालं भूत उठलंच नव्हतं. सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मशीन एक नंबर देतं. तो नंबर स्क्रिप्ट एका फाईलमध्ये लिहून ठेवायची आणि पुढच्या वेळी त्या नंबरचं काही चालू दिसलं, तर आपलंच भूत जागं आहे असं धरून पुढे जायची. वीज गेली तेव्हा जुनी फाईल तशीच राहिली होती, आणि नेमका तोच नंबर या खेपेला मशीनच्या घड्याळाच्या प्रोग्रामला मिळाला होता. बाईंनी फाईल पुसली, प्रोग्राम हातानं सुरू केला. रिपोर्ट धडाधड वर गेले. त्यात आजींचाही होता. पोटॅशियम भलतंच, हृदय बंद पाडण्याइतकं वाढलेलं.

आजी चार वाजता गेल्या.

चौकशी झाली. 'तांत्रिक बिघाड' एवढंच कागदावर आलं. लॅबचे साहेब म्हणाले, "वेळेवर मिळाला असता तरी वाचल्या असत्या, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मनाला लावून घेऊ नका." बाईंना वाटलं, कुणीतरी खडसावलं असतं तर बरं झालं असतं.

आठवड्यानं आजींची लेक कागद न्यायला आली. कुणीतरी तिला तळघरात पाठवलं.

"रिपोर्ट तयार होता ना?"

"बारालाच तयार होता."

"मग अडकला कुठे?"

"माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तुमच्या टेबलावर राहून गेला?"

बाईंनी स्क्रिप्ट, नंबर, फाईल, सगळं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "हो. तसंच समजा."

लेक बराच वेळ त्यांच्या टेबलाकडे बघत राहिली. मग कागद घेऊन जिना चढून गेली.

दुरुस्ती दोन ओळींची होती. नंबर कुणाचा आहे तेवढं नाव तपासायचं. लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि तेच बाईंच्या जिव्हारी लागलं. घरी नवऱ्यानं विचारलं, "झालं ना दुरुस्त?" तर त्या ताटावरून उठून गेल्या.

महिन्याभरानं त्यांनी बदलीचा अर्ज दिला. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी तो न वाचताच परत केला. "तुमच्याशिवाय ती स्क्रिप्ट कुणाला कळते, बाई?"

बाई खाली आल्या. सातही नावांपुढे 'चालू' दिसत होतं. त्यांचा आता त्या शब्दावर काडीचा विश्वास उरला नव्हता. खुर्ची ओढून त्यांनी एकेक नंबर हातानं पडताळायला घेतला. सातवा झाला, की परत पहिल्यापासून.