आमचे शेजारी शेवटपर्यंत जिवंत राहतात

आमचे शेजारी माझ्या डोळ्यांदेखत पुष्कळदा मेले आहेत. विषप्रयोगाने मेले, थेम्समध्ये बुडून मेले, चर्चच्या जिन्यावरून कुणीतरी ढकलल्यामुळे मेले, आणि एकदा तर स्वतःच्याच घोड्याची लाथ बसून मेले. त्या प्रत्येक वेळी मी आणि नवरा मेडनहेडच्या आमच्या घरात चहाचे कप घेऊन टीव्हीसमोर बसलेलो असायचो. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे पलीकडे स्वतःचा मृत्यू बघत बसलेल्या शेजाऱ्यांचा खोकलाही ऐकू यायचा. लंडनला राहणारी आमची मुलगी लगेच फोन करायची, "आई, अंकल परत मेला! टीव्ही लावला का तू?" तिचं मराठी असंच आहे. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.

इथल्या गुप्तहेर मालिकांना दर आठवड्याला एक ताजं प्रेत लागतं आणि आमचे शेजारी उंच, देखणे आणि पिकल्या केसांचे, म्हणजे प्रेत म्हणून अगदी शोभणारे. "पांघरूण घातलेलं प्रेत सोपं," ते मला कुंपणावरून समजावायचे. "डोळे उघडे ठेवलेलं अवघड. त्याचे जास्त पैसे मिळायला हवेत, पण मिळत नाहीत." हे बोलताना त्यांच्या हातात गुलाब छाटायची कात्री असायची आणि चेहऱ्यावर कलावंताचं दुःख.

ते उत्तरेकडच्या एका खाटकाचे चिरंजीव. वडिलांची इच्छा मुलाने दुकानात उभं राहावं अशी होती. मुलगा पळून एका नाटक कंपनीत गेला. त्या काळी अशा कंपन्या गावोगावी असत आणि दर आठवड्याला नवं नाटक लावत. संध्याकाळी एक नाटक करायचं आणि सकाळी पुढच्याचं पाठांतर. उंचीमुळे त्यांच्या वाट्याला कायम बटलर, पाद्री आणि पोलीस आले. पुढे लंडनमधल्या एका नाटकात ते वर्षानुवर्षं शेवटच्या अंकात येऊन "कुणीही जागचं हलू नका" एवढंच म्हणत होते. तोपर्यंतचा वेळ जावा म्हणून मेकअपच्या खोलीत विणकाम शिकले. त्यांनी माझ्या नवऱ्याला दिलेला मफलर आम्हा दोघांना गुंडाळून वर उरतो. लग्न मात्र झालं नाही. "दौऱ्यांच्या गडबडीत राहून गेलं," असं ते म्हणतात, जशी काही छत्री कुठे राहून गेली.

तर असे हे शेजारी एका सकाळी मागच्या दाराशी आले. हातात नाटकाची संहिता होती आणि डोळ्यांत दहावीचा निकाल लागलेल्या मुलाची चमक.

"यात मी मरत नाही," ते म्हणाले. "पडदा वर जातो तेव्हा मी तिथे असतो आणि शेवटीही असतो. जिवंत!"

नाटक नवं होतं, नॉटिंगहॅमला होणार होतं. एक म्हातारा बाप घर सोडायला तयार नाही आणि मुलगी त्याला घेऊन जायला आली आहे, एवढीच गोष्ट. सगळं नाटक स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती घडतं आणि बाप जवळजवळ सतत बोलत असतो. खरी अडचण तीच होती. ते माझ्या स्वयंपाकघरात बसले आणि मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पाठ होत नाहीये. पूर्वी आठवड्यात अख्खं नाटक गिळायचो, आता संध्याकाळी वाचलेलं सकाळी नसतं. आणि म्हाताऱ्याला वाक्यं आठवत नाहीत अशी एकदा बोलवा झाली ना, की फोन वाजायचा थांबतो. कायमचा."

मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नोकरीचं काम बहुतेक घरूनच करते. नाटकातल्या मुलीची वाक्यं वाचायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी हो म्हटलं, आणि मग नको इतका उत्साह दाखवला. तो माझा स्वभावच आहे.

त्यांची पद्धत फारच लांबच्या वाटेची होती. हा माणूस खिडकीपाशी का जातो? त्याच्या मनात आत्ता काय आहे? मी म्हटलं, "तो जातो, कारण लिहिलंय. तुम्ही म्हणा." आमच्या आईने आम्हा भावंडांना पाढे कसे शिकवले ते मला ठाऊक होतं. ती पोळ्या लाटायची, आम्ही स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत म्हणायचो, आणि प्रत्येक ओळीआधी ती लाटण्याने पोळपाटावर ठोका द्यायची. अर्थबिर्थ नंतर. आधी तोंडात बसलं पाहिजे. तिच्या हाताखालून गेलेलं कुणीही आजतागायत सतराचा पाढा विसरलेलं नाही.

मग तेच सुरू झालं. मी मुलीचं वाक्य वाचायचं, लाटण्याने टेबलावर टक टक करायचं, की शेजाऱ्यांनी फ्रीजपासून मागच्या दारापर्यंत चालत आपलं म्हणायचं. ठोक्याआधी तोंड उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला ते हसले. मग तालात डोलायला लागले. आणि एक दिवस संहिता बंद होती आणि सगळं नाटक त्यांच्या तोंडून नळाला पाणी यावं तसं धो धो आलं. त्यांनी माझा पिठाचा हात घेऊन त्यावर ओठ टेकवले. मी ही बातमी इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येकीला फोन करून कळवली. इंग्लंडच्या रंगभूमीला आईची पद्धत दिली, याहून काय हवं!

ते निघाले तेव्हा मी शुभ म्हणून देवघरातलं मोरपीस त्यांच्या खिशात खोचलं. ते पांढरेफटक पडले. इथले नट मोरपिसाला भयंकर अपशकुनी मानतात, ते थिएटरच्या आसपाससुद्धा चालत नाही. त्यांनी ते दोन बोटांनी काढून परत दिलं आणि अपशकुन उतरवायला स्वतःभोवती एक गिरकी घेतली. मला वाईट वाटलं, पण तालमी चालू झाल्या की विसरतील असं मी धरून चालले.

तालमी चालू झाल्या आणि त्यांचे रडवेले फोन यायला लागले.

"तुमचं ते पीस!" ते म्हणाले. "मला सगळं येतं आणि तिथे उभा राहिलो की काहीच येत नाही. मुलीचं काम करणारी बाई बोलते, आणि मी नुसता बघत राहतो. दिग्दर्शिका म्हणते मधून घ्या, तर मला मधून घेताच येत नाही. पहिल्यापासून पुटपुटत यावं लागतं."

सतरा सक किती असं मध्येच विचारल्यावर सतरा एके सतरापासून पुटपुटत येणारी सगळी पोरं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आईच्या पद्धतीचं हे मी त्यांना सांगितलं नाही. पिसालाही नावं ठेवू दिली नाहीत, ते वेगळं.

मग शेवटचा फोन आला. समीक्षक येण्याआधी काही प्रयोग होतात, त्यातला शनिवारी दुपारचा प्रयोग दिग्दर्शिका मागे बसून बघणार होती. त्यांच्या भूमिकेसाठी दुसरा एक नट तयार ठेवला होता, आणि तो 'मेला' (ही शिवी शेजाऱ्यांची) चोख पाठ करून बसला होता. शनिवारी अडखळले तर पुढचे सगळे प्रयोग तो करणार. "मला पडद्यावर कितीही वेळा मारा," ते म्हणाले, "पण जिवंत राहायची एकच संधी आहे हो."

शनिवारी पहाटेच उठून मी बटाटेवडे तळले. नवरा गाडी चालवत होता आणि मोटरवेवर सगळी गाडी लसणीच्या वासाने घमघमत होती.

पडदा वर गेला. रंगमंचावर एक स्वयंपाकघर, मधे टेबल. शेजारी फार छान दिसत होते. मुलीने पहिलं वाक्य म्हटलं. ते थांबले. त्यांची नजर टेबलावर गेली आणि तिथेच राहिली. लोकांना वाटलं, वा, काय म्हातारपण दाखवलंय!  ते काय शोधतायत ते मला मात्र कळलं होतं. ते ठोक्याची वाट बघत होते. आणि ठोका देणारं लाटणं मेडनहेडला ड्रॉवरमध्ये होतं.

ती नटी भली होती. तिने त्यांची वाक्यं प्रश्न करून विचारली, स्वतःच उत्तरं दिली, कसाबसा अंक ओढून नेला. मध्यंतर झालं तेव्हा मी डबा घेऊन उठले.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"आत. भेटून येते."

"अगं, हे पुणे नाहीये! इंटरव्हलमध्ये बॅकस्टेजला कोणी जात नाही इथे. सिक्युरिटीवाले एस्कॉर्ट करून बाहेर काढतील आपल्याला."

आता मध्यंतरात आत जाऊन नटांना "रंगलाय हं प्रयोग" असं सांगायचं नाही, तर मध्यंतर असतं कशाला? मी लहानपणापासून बाबांचं बोट धरून आत जात आलेय. मी मागच्या बाजूला कलाकारांच्या दाराशी गेले. तिथे एक वयस्क द्वारपाल खुर्चीवर बसला होता.

"मध्यंतरात कुणालाच सोडत नाही, लव्ह," इथे अनोळखी बायकांनाही म्हणतात तसं तो म्हणाला.

"आमच्याकडे कुणी आत गेलं नाही तर नटांना राग येतो," मी म्हटलं.

"आमच्याकडे कुणी आत गेलं तर येतो."

मी डबा उघडला. त्याने एक वडा घेतला, मग दुसरा घेतला, दोन्हींची मनापासून तारीफ केली आणि दारातून तसूभरही हलला नाही. इंग्रज माणसाला वश करणं अवघड असतं. इतक्यात आतून ती नटीच हवा खायला बाहेर आली, अंगावर नाटकातला एप्रन आणि वरून जाड कोट. वासाने ती थांबली.

मी तिच्या हातावर वडा ठेवला आणि एका दमात सांगितलं, "तुमचं वाक्य झालं की टेबल वाजवा. असं." मी दाराच्या चौकटीवर बोटांच्या पेरांनी वाजवलं. टक टक. "मग ते बोलतील. सगळं बोलतील."

तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. "पण तुम्ही कोण?"

"मी तुम्हीच. मेडनहेडची."

ती काही विचारणार तेवढ्यात आतल्या स्पीकरवर पुकारा झाला आणि ती अर्धा वडा तोंडात घेऊन धावली. तिला कळलं की तिने मला वेडी ठरवलं, काही समजायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या अंकात तो प्रवेश आला. ती सिंकपाशी पाठमोरी उभी राहून कप धूत होती. तसंच न वळता तिने विचारलं, "बाबा, इथे एकटे राहून काय करणार तुम्ही?" यावर बापाचं नाटकातलं सर्वांत मोठं भाषण आहे. शेजारी टेबलाशी बसले होते. नजर टेबलावर. काही नाही. कुठेतरी खुर्ची करकरली. मी माझ्या खुर्चीच्या हातावर टक टक केलं, पुढच्या बाईने मान वळवून डोळे वटारले, नवऱ्याने माझा हात धरून ठेवला. मागे दिग्दर्शिका बसली होती. 

नटीने नळ बंद केला. एप्रनला हात पुसले. सावकाश टेबलापाशी आली, वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बोटांच्या पेरांनी टेबल वाजवलं.

टक टक.

"सकाळी उठणार," शेजारी म्हणाले.

आणि मग थांबलेच नाहीत. सकाळी उठणार, किटली ठेवणार, रेडिओशी भांडणार, कोण मेलं ते पेपरात बघणार आणि त्यात आपण नाही म्हणून टोस्टला जास्त लोणी लावणार. हे भाषण मी किती दिवस ऐकत होते, ठोके देत होते, चुकलं की पुन्हा म्हणायला लावत होते. पण ते काय म्हणतायत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. भिंतीपलीकडच्या घरात एकटा राहणारा माणूस हे सगळं रोज करत होता आणि मी पाढा घोकून घ्यावा तशी ठोके देत बसले होते. मला रडू आलं.

"काय झालं?" नवरा कुजबुजला.

"काही नाही. पाठ आहे त्यांना."

प्रयोग संपल्यावर ते मेकअपसकट बाहेर आले, हात पसरून म्हणाले, "मेलो नाही!" आणि मला मिठी मारली. मग वडे मागितले. वडे द्वारपालाने संपवले होते. पुढचे सगळे प्रयोग त्यांनीच केले आणि पाठ चोख असलेला तो दुसरा नट बसूनच राहिला. मला त्याचं जरा वाईटही वाटलं, पण जराच. मुलीचं ते टेबल वाजवणं नटीने कायम ठेवलं. एका समीक्षकाने त्याचं फार कौतुक करून त्यात इंग्रजी कुटुंबातली घुसमट शोधून काढली. लाटण्याचा कुठे उल्लेख नव्हता.

आता त्यांना फारसं काम येत नाही. गुडघे दुखतात, गुलाब नवरा छाटून देतो. पण नॉटिंगहॅमहून परतल्यापासून एक नेम झाला आहे. सकाळी ते उठले की स्वयंपाकघराच्या भिंतीवर टक टक करतात. मी पोळ्या करत असते, लाटण्याने उत्तर देते.

काल भिंत वाजली नाही. मी दोन पोळ्या केल्या, तिसरी करपली. त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे असते. गॅस बंद करून मी ती शोधली, पायांत चपला घातल्या. दारापर्यंत गेले आणि भिंतीतून आलं, टक टक. मी मागे वळून लाटणं उचललं आणि भिंतीवर असं आपटलं की टाईल फुटायची राहिली.

 पलीकडून अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारी म्हणाले, "सकाळी उठणार!"

मी गॅस पुन्हा पेटवला.